बंद करण्याआधीचं एक मिनिट

माझी नोकरी विहिरीत टेप सोडण्याची होती. कागदावर हुद्दा भारदस्त होता, पण काम हेच. जिल्ह्यातल्या काही विहिरी ठरलेल्या होत्या. वर्षातून चार वेळा त्यांच्या काठावर जायचं, टेपच्या टोकाला बांधलेलं वजन आत सोडायचं, पाण्याला टेकलं की खालून येणारा बारीक आवाज ऐकायचा आणि वहीत मीटर लिहायचे. दुष्काळाच्या वर्षांत तो आवाज येईनासा झाला. वजन थेट खडकावर आपटायचं. मी वहीत ‘कोरडी’ असं लिहायचे आणि आम्ही पुढच्या गावाला निघायचो.

आम्ही म्हणजे मी आणि ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. ते शहरातल्या छावणी भागात राहायचे, माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे होते. मी त्यांना चाचा म्हणायचे आणि ते मला मॅडम. माझं लग्न तेव्हा नवीन होतं. नवरा वाळूजच्या कारखान्यात पाळीच्या नोकरीत होता. तो घरी यायचा तेव्हा मी डबा भरून निघालेली असायचे, मी परतायचे तेव्हा त्याची बस आलेली असायची. कित्येक आठवडे आमची भेट स्वयंपाकघराच्या दारातच व्हायची. त्या काळात जागेपणी मी नवऱ्यापेक्षा चाचांच्या शेजारी जास्त बसले असेन.

जीपचं इंजिन जुन्या पद्धतीचं साधं डिझेल होतं, टर्बो नसलेलं. सपाट रस्त्यावर बरी चालायची, पण चढ आला की दुसऱ्या गिअरवर यायची आणि बाजूचा सायकलवाला आमच्याकडे बघत बघत पुढं जायचा. मला तिचा कंटाळा यायचा. चाचांना कधीच आला नाही. ते म्हणायचे, “हे इंजिन जेवढी हवा मिळंल तेवढीच घेतं मॅडम. कमी मिळाली तर हळू चालतं, पण मागत नाय.” सकाळी जीप चालू केल्यावर ते क्षणभर मान तिरकी करून ऐकायचे. त्या आवाजातून त्यांना काय कळायचं ते मला कधी कळलं नाही, पण कधी कधी ते गाडी बंद करून खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि कुठलातरी एखादा पाईप घट्ट करून परत यायचे.

आता लोक सांगतात की जुनी इंजिनं कधी बिघडायचीच नाहीत. ते खरं नाही. आमची जीप बिघडायची आणि नेमकी अशा ठिकाणी बिघडायची की जिथं सावलीसुद्धा मिळू नये.

एकदा वैजापूरकडच्या एका गावातून निघालो तर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. रेडिएटर गळत होता. चाचांनी मागं ठेवलेला पाण्याचा कॅन सकाळीच त्यात ओतून संपवला होता. आम्ही वस्तीशी थांबलो. तिथं टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागली होती आणि रांगेच्या कडेला एक बाई पदर डोक्यावर घेऊन बसली होती. बॉनेटमधून वाफ येताना तिनं पाहिली. काही न विचारता ती घरात गेली आणि अर्धा हंडा पाणी घेऊन आली. पाणी स्वच्छ होतं, पिण्याचं होतं.

चाचांनी दोन्ही हात मागं घेतले. म्हणाले, “हे नक्को बाई. माणसाचं पाणी इंजिनला घालत नसतात.”

तिनं समजावलं की टँकर आज नक्की येणार आहे. चाचा ऐकेनात. मीही मध्ये पडले, कारण ऊन वाढत होतं आणि अजून चार विहिरी बाकी होत्या. चाचांनी माझंही ऐकलं नाही. शेवटी ती बाई हंडा परत ठेवून एक घमेलं घेऊन आली. लेकरांना आंघोळ घातलेलं पाणी तिनं कपडे भिजवायला म्हणून राखून ठेवलं होतं. ते चाचांनी घेतलं. गळ्यातला रुमाल काढून दोनदा गाळलं, इंजिन निवायची वाट पाहिली आणि मग हळूहळू ओतलं. आम्ही थांबलो होतो तेवढ्यात त्या बाईनं मला विचारलं की विहिरीचं काय लिहिलं. मी म्हटलं, कोरडी.

ती म्हणाली, “ते आम्हीच सांगितलं असतं की. एवढ्या लांबून कशाला आलात?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरोखर प्रश्न पडला होता. मी वही मिटून पिशवीत ठेवली. परतताना जीप वीसच्या वेगानं चालली होती आणि बॉनेटमधून साबणाचा वास येत होता. माझ्या गेटाशी सोडताना चाचा एवढंच म्हणाले की उद्या रेडिएटर उतरवतो.

त्याच्या पुढच्या वर्षी मला दिवस गेले आणि तिसरा महिना संपता संपता सगळं संपलं. घरात सगळ्यांनी जीपला दोष दिला. सासूबाई म्हणाल्या की त्या खडखड्या गाडीत दिवसदिवस बसल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की प्रवासाचा याच्याशी संबंध नाही, असं होतं कधी कधी. नवऱ्याला ते पटलं. सासूबाईंना पटलं नाही, पण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मी महिनाभर घरी बसले आणि मग कामावर गेले, कारण घरात बसणं जास्त कठीण होतं.

पहिल्या दिवशी जीपमध्ये बसायला गेले तर माझ्या सीटवर जाड फोम टाकून वरून रेक्झिन शिवून घेतलेलं होतं. चाचा समोर बघत होते. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही काही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांची गाडी चालवायची पद्धत बदलली. खड्डा लांबून दिसला की ते गाडी जवळजवळ थांबवायचे. एखादा रस्ता फार उखडलेला असला तर चार-पाच किलोमीटरचा वळसा घ्यायचे आणि लॉगबुकात त्याचं कारण लिहायचे, ‘रस्ता खराब’. उशीर व्हायचा. एकदा मी चिडून म्हटलं की चाचा, आपण बैलगाडीत बसलोय का. ते हसले नाहीत. नेहमी हसणारा माणूस होता, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. ते सगळे महिने मी ऑफिसात टेबलाचं काम केलं आणि चाचा दुसऱ्या साहेबांना घेऊन विहिरी फिरले. बाळंतपणानंतर त्यांनी खाजा आणून दिला. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास ऑफिसला नवी गाडी आली. टर्बोची. पांढरी, उंच, एसी असलेली. जुनी जीप मागच्या कडुनिंबाखाली उभी राहिली आणि तिथंच राहिली. चाचांना नव्या गाडीचं पुस्तक मिळालं, पण ते उर्दू शिकलेले. मराठी अडखळत वाचायचे. म्हणून दुपारी डबा खाऊन झाल्यावर मी त्यांना ते पुस्तक वाचून दाखवायचे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक छोटं चक्र फिरतं, त्याच्या जोरावर दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखी ताकद देतं, असं त्यात होतं.

चाचांनी पुस्तक जवळ ओढून त्यातलं चित्र पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे तोंडात घास कोंबल्यासारखी हवा कोंबतो. जबरदस्ती आहे ही.”

पण पहिल्याच आठवड्यात आम्ही कन्नडच्या पुढचा घाट चढलो आणि गाडी तिसऱ्या गिअरवर सुरसुर करत वर गेली. माल भरलेले ट्रक मागं पडत गेले. वर पोचल्यावर मी चाचांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, पण मिशीखाली हसू होतं. म्हणाले, “ताकद आहे. ताकद आहे, नाय म्हणता येत नाय.”

त्या पुस्तकात एक सूचना होती. लांबून पळवून आणलेली गाडी लगेच बंद करू नका, मिनिटभर जागेवर चालू ठेवा. ते चक्र फार वेगानं फिरतं आणि लालभडक तापतं. एकदम बंद केलं की त्याच्या दांड्याला तेल पोचायचं थांबतं, आतलं तेल जळून काळं होतं आणि दांडा हळूहळू झिजतो. मी हे सहज वाचून गेले, चाचांनी मात्र पक्कं धरलं. त्या दिवसापासून प्रत्येक गावात, प्रत्येक विहिरीशी, ते गाडी थांबवून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एक मिनिट बसून राहायचे. मला उतरायला मोकळीक होती, पण संध्याकाळी माझ्या गेटाशी आल्यावर मी उतरायचे नाही. का ते सांगता येत नाही. दिवसभर धुळीतून फिरून आल्यावर घरात शिरायच्या आधी ते मिनिट मला हवं असायचं. आत गेलं की कुकर लावायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा, पाणी आलंय का ते बघायचं. गाडीत नुसतं बसायचं असायचं.

दिवसभर आम्ही फारसं बोलायचो नाही. रस्ता, विहीर, जेवण कुठं, एवढंच. पण त्या मिनिटात चाचा काहीतरी बोलायचे. बेगमची साखर वाढली आहे. थोरल्या मुलाला नांदेडला नोकरी लागली. छावणीतल्या बाजारात आता जुन्या ओळखीचं दुकान एकच उरलंय. मीही सांगायचे. वाळूजच्या कंपनीत माणसं कमी करणार असं ऐकलंय, त्यामुळं नवरा झोपत नाही, हे मी आईला सांगितलं नव्हतं, चाचांना सांगितलं.

एका संध्याकाळी असंच गेटासमोर थांबलो होतो. शेंद्र्याकडून आलो होतो. तिथली आमची एक विहीर त्या दिवशी सापडलीच नव्हती. गेल्या वेळी जिथं ज्वारीच्या काढणीनंतरची धसकटं होती, तिथं मुरूम टाकून जमीन सपाट केली होती आणि प्लॉटचे दगड रोवले होते. विहीर कुठं होती ते दाखवायलाही कुणी नव्हतं. मी वहीत काय लिहावं याचा विचार करत होते. ‘कोरडी’ लिहिता येत नव्हतं. चाचांनी घड्याळ पाहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते.

“मॅडम, एक बात पुछूं?”

मी म्हटलं, विचारा ना.

“त्या टायमाला तुमचं जे झालं. जुनी जीप होती तेव्हा. ते माझ्या गाडी चालवण्यानं झालं का?”

मला पहिल्यांदा कळलंच नाही ते कशाबद्दल बोलत आहेत. मग कळलं. मध्ये नऊ-दहा वर्षं गेली होती. मला मुलगी झाली होती, ती दुसरीत होती. मी ते दुःख कुठंतरी ठेवून दिलं होतं आणि हा माणूस ते रोज माझ्या शेजारी बसून वाहत होता. फोमची सीट, खड्ड्यांपाशी थांबणं, वळसे, दारात उभं राहणं, सगळं मला एकदम दिसलं.

मी म्हटलं, “नाही चाचा. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. गाडीचा काही संबंध नव्हता.”

त्यांनी हात स्टिअरिंगवरून खाली घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, “मला कुणी सांगितलं नाय.”

खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते मीच. ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं की काय झालं, घरात जीपला दोष देतात हेही कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं असणार. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र गेलं नाही. मला माफी मागायची होती. पण ती कशी मागावी हे कळेना, म्हणून मी म्हटलं की तुमच्याइतकी जपून गाडी कुणी चालवत नाही. चाचांनी रुमालानं चष्मा पुसला. गाडी चालूच होती. नवऱ्यानं गॅलरीतून पाहिलं की गाडी आली आणि मी उतरले नाही, म्हणून तो खाली यायला निघाला. तो गेटापर्यंत आला तेव्हा चाचांनी किल्ली फिरवली आणि मला म्हणाले, “जा मॅडम, साहेब वाट बघतायत.”

त्यानंतर ते पुन्हा मोकळेपणानं हसायला लागले, पूर्वीसारखे. आणि खड्डेही पूर्वीसारखे बसायला लागले. मी त्यांना तसं म्हटलंही.

चाचा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ठेकेदाराचा एक ड्रायव्हर आला. चाळिशीतला, नीटनेटका, वेळेवर येणारा माणूस. गाडी जोरात चालवायचा आणि थांबला की त्याच झटक्यात किल्ली काढून खाली उतरायचा. मी दोनदा त्याला मिनिटाबद्दल सांगितलं. तो म्हणाला की मॅडम, आता तेलं चांगली आलीत, एवढं काही लागत नाही. त्याचं अगदीच चूक होतं असंही नाही. पुढं एक-दोन जाणकारांनी मला तेच सांगितलं. शिवाय त्या वर्षी सर्व्हिसिंगही लांबलं होतं. नेमकं कशामुळं झालं ते मी सांगू शकत नाही. झालं एवढं की गाडी पळताना टर्बोची जी बारीक शीळ यायची ती महिन्याभरात मोठी होत गेली, अँब्युलन्ससारखी ओरडायला लागली, आणि एक दिवस जालना रोडवर मागून निळा धूर निघाला आणि गाडीतला जीवच गेला. माणूस पायी पुढं जाईल इतकी हळू आम्ही ती कडेला घेतली.

मी चाचांना फोन केला. खरं तर त्यांचा आता काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून गॅरेजला आले. मेकॅनिकनं टर्बो काढून बाकावर ठेवला होता. चाचांनी त्यातला दांडा दोन बोटांत धरून हलवला, तो सैल दातासारखा हलला. बोटांना काळी, जळकी राख लागली. ठेकेदाराचा ड्रायव्हर बाजूला मान खाली घालून उभा होता. चाचा त्याला एक शब्दही बोलले नाहीत. उलट त्याला चहा प्यायला घेऊन गेले.

परत आल्यावर मी विचारलं की साधं इंजिन असतं तर हे झालं नसतं ना. मला वाटलं ते लगेच हो म्हणतील. त्यांनी विचार केला.

“जुन्यानं बी आपल्याला रस्त्यावर बसवलंय मॅडम. विसरलात का? फक्त त्याचं दुखणं मला ओळखू यायचं. ह्याचं उशिरा कळतं.”

नंतर मी स्वतःसाठी छोटी गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा चाचांनाच बरोबर नेलं. शोरूममध्ये एकच गाडी दोन इंजिनांत होती. एक लहान टर्बोचं, दुसरं जरा मोठं पण साधं. विकणारा मुलगा टर्बोचं कौतुक करत होता. चाचांनी त्याला काही विचारलं नाही, मलाच विचारलं की रोज किती जाणार. मी म्हटलं, घर ते ऑफिस, चार किलोमीटर. कधी भाजी, कधी दवाखाना. ते म्हणाले की मग साधी घ्या, एवढ्याशा अंतरात टर्बोचं इंजिन नीट तापत बी नाय. आणि बाहेर आल्यावर म्हणाले, “लांबचे रस्ते असते तर दुसरी सांगितली असती. आता कुठं जायचंय आपल्याला.”

मी साधी घेतली. त्याला बरीच वर्षं झाली. गाडी एकदाही बंद पडली नाही. घरापाशी आले की किल्ली काढते, उतरते, कुलूप लावते आणि वर जाते. तिच्याबद्दल काही विचारायला म्हणून चाचांना फोन करावा अशी वेळ तिनं माझ्यावर कधी आणली नाही. विहिरी मोजायलाही आता कुणी जात नाही म्हणतात. बऱ्याच ठिकाणी यंत्र बसवलंय आणि आकडे आपोआप ऑफिसात येतात. मीही निवृत्त झाले. मुलगी पुण्याला आहे. नवरा वाळूजमधून सुटला आणि आता दोघंही दिवसभर घरात असतो, समोरासमोर बसून चहा पितो. त्यालाही कधी कधी पाळीची आठवण येते असं तो म्हणतो.

दुपारी मात्र मला मधूनच ते रस्ते आठवतात. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली शेतं, काच खाली केलेली, गरम वारा, आणि शेजारी न बोलता गाडी चालवणारा माणूस. त्या वर्षांत सुखाचं असं काही नव्हतं. पाणी नव्हतं, पिकं नव्हती, आम्ही गावोगाव जाऊन जे नाही ते नाही असं लिहून आणत होतो. तरी मला परत जाता आलं तर मी तिथंच जाईन.

बेगम गेल्यावर चाचांना मुलानं नांदेडला नेलं. पहिली एक-दोन वर्षं ते स्वतः फोन करायचे. मग कान गेले. आता ईदला मी फोन करते तेव्हा नात उचलते, माझं बोलणं त्यांना ओरडून सांगते आणि त्यांचं मला. अशा बोलण्यात तब्येत आणि हवापाणी यापलीकडे काही जात नाही. या ईदला तिनं सांगितलं की घराशेजारी एक गॅरेज आहे, दादाजान रोज दुपारी तिथं जाऊन बसतात. गॅरेजवाले चांगले आहेत, त्यांना खुर्ची देतात, चहा देतात. गाडी उघडली की ते उठून जवळ जातात, इंजिनावर हात ठेवतात आणि हातानंच काय ते बघतात.

मी तिला म्हटलं की मी येणार आहे त्यांना भेटायला, सांग. ती ओरडून सांगत असलेली मला ऐकू आली. मग ती म्हणाली, ते विचारतायत, गाडीनं येणार का? मी म्हटलं, हो, गाडीनंच. मी अजून गेलेले नाही. गाडीचं काही अडत नाही, ती नांदेडला आरामात जाईल. दिवाळीच्या आधी एकदा निघायचं म्हणते.